कडुनिंबाकडचं आणि विहिरीकडचं

जिंतूरला मला भाड्यानं खोली मिळाली ती माझ्या हातांमुळं. नोकरीमुळं नाही, शिफारशीमुळं नाही, आडनावामुळं तर मुळीच नाही. आडनाव सांगितलं की त्या गावातल्या रिकाम्या खोल्या भराभर भरायच्या. कुणाचा भाचा शिकायला यायचा असायचा, कुणाला खोलीत कापूस भरायचा असायचा. मी पालमची. वडील प्राथमिक शिक्षक, घरात बुद्धाची तसबीर, आणि मी मुलींच्या शाळेत नवी नवी लागलेली मास्तरीण. ट्रंक शाळेच्या व्हरांड्यात टाकून दारोदार फिरत होते. शेवटी शाळेच्या शिपायानं सांगितलं, "वकिलाकडं जा बाई. जरा येडाय त्यो. त्यो दिईल."

वकीलसाहेब अंगणात एका काळ्या मोटारीखाली उताणे पडले होते. पाय तेवढे बाहेर. आता शेवटी नकार ऐकण्यापेक्षा आधीच ऐकावा, म्हणून मी नाव, आडनाव, गाव, सगळं एका दमात त्या पायांना सांगून टाकलं. खालून आवाज आला, "हात दाखवा."

मला वाटलं, वकील ज्योतिषपण बघतो की काय. वाकून हात पुढं केला. त्यांनी पंजा, मनगट, बोटं, सगळं नीट तपासलं. "बारीक हायेत. आत जातील. खोली तुमची," ते म्हणाले. "सामान मागून आणा, आधी इथं हात घाला. एक नट आत जाऊन बसलाय, कवाधरनं निघंना."

आणि मी कडक इस्त्रीच्या साडीत, कोपरापर्यंत तेलात हात घालून तो नट काढून दिला. एवढ्यात आतून वैनी आल्या. वैनी म्हणजे वकीलसाहेबांची बायको. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, साडीकडं पाहिलं, मोटारीकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आली बया, अजून एक येडी आली," म्हणाल्या, आणि घरच्याच कपबशीत चहा आणून दिला. त्या घरात मग मी राहिले ती बदली होईपर्यंत.

वकीलसाहेब पन्नाशीचे, काटकुळे, मिशा मात्र पैलवानाच्या. कायदा हैदराबादला उर्दूतून शिकलेले. निजाम गेला, हैदराबाद गेलं, पण त्यांच्या जिभेवरची कचेरी काही उठली नाही. दूध नासलं तर ते 'खारिज' व्हायचं, मांजर 'फरार' व्हायचं, पाऊस 'तारखेवर हजर' नसायचा. त्यातून त्यांचा जुना काळा कोट. कोर्टात घालायला तो विटला होता, म्हणून मोटारीखाली शिरताना घालायचे. "काळा कोट मुळात ग्रीससाठीच शिवलेला असतो," ते म्हणायचे. "इंग्रजाला तेवढं समजलं न्हाई."

मोटार जुनी विलायती, कुण्या जहागीरदाराकडून त्यांच्याकडं आलेली. चालायची झकास. फक्त दुसरा गेर टिकत नसे. टाकला की थोडं अंतर जाऊन खाड्कन् बाहेर यायचा. त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे वैनी. वैनींना शेजारी बसवायचं, आणि दुसरा गेर पडला की वैनींनी दोन्ही हातांनी तो दांडा दाबून धरायचा. लग्नाला जावो, देवाला जावो, वैनी नव्या साडीत दांडा धरून बसलेल्या. "समद्या बाया मोटारीत वारं खात जात्यात," त्या मला म्हणाल्या, "मी रेडा धरल्यावानी बसते."

परभणीच्या मिस्त्रीनं गाडी बघून सांगितलं होतं, गेरबॉक्स संपला, दुसरा टाका. वकीलसाहेबांना ते फार लागलं. "उघडून न बघता? गवाह न तपासता? ही तर एकतर्फी फाशी झाली." आणि ज्या माणसानं जन्मात सायकलची साखळीसुद्धा बसवली नव्हती, त्यानं जाहीर केलं की अपील आता घरीच चालेल. गेरबॉक्स मी स्वतः खोलणार, स्वतः जोडणार.

ते अपील म्हणजे काय हे मी डोळ्यांनी पाहिलं. गेरबॉक्स खाली उतरला, आणि अंगणात धूळ म्हणून थेट वैनींच्या स्वयंपाकघरात गेला. दुष्काळ नुकताच सरलेला. रॉकेल रेशनवर, तेही रांगेत उभं राहून मिळायचं. ते सगळं दातेरी चाकं धुण्यात गेलं आणि वैनी चुलीशी डोळे चोळत बसल्या. भाकरीच्या काटवटीत दातेरी चाकं भिजत पडलेली. वकीलसाहेब एकेक चाक उचलून डोळ्यांशी न्यायचे, दातावरून बोट फिरवायचे आणि उलटतपासणी घ्यायचे. "बोल. तू झिजलास का तुला झिजवलं? कोण होतं तुझ्याबरोबर?" चाक बोलायचं नाही. मग ते माझ्याकडं वळून म्हणायचे, "बाई, ह्याला समदं म्हाईत हाय. सांगत न्हाई फक्त." शाळेतून येऊन मी पदर खोचून बसायचे आणि मला इतकं हसू यायचं, की हातातला पाना पडायचा.

त्यांचं एक तत्त्व होतं, आणि पुढचं सगळं रामायण त्या तत्त्वातूनच घडलं. त्यांचा डावं आणि उजवं या शब्दांवर विश्वास नव्हता. "डावं कुणाचं? माझं का मोटारीचं? मी खाली उताणा पडलो की माझं डावं तिकडं जातं, उभा राहिलो की इकडं येतं. असला गवाह काय कामाचा?" म्हणून त्यांनी दिशाच बदलून टाकल्या. त्यांच्या अंगणात मोटारीच्या एका अंगाला कडुनिंब होता, दुसऱ्या अंगाला विहीर. सुटा भाग कडुनिंबाकडचा तरी असायचा, नाहीतर विहिरीकडचा. मोटारीशेजारी, तिला समांतर, एक बाज टाकलेली असे, उशाशी वळकटी. गाडीतून जे निघालं ते त्या बाजेवर त्याच अंगाला, तसंच ठेवायचं. कडुनिंबाकडून निघालं ते कडुनिंबाकडं, विहिरीकडून निघालं ते विहिरीकडं. बसवताना बाजेवरून उचललं की सरळ जागेवर. "झाड बदलत न्हाई, विहीर हलत न्हाई," ते म्हणायचे. मला तर हे मोठं शहाणपणाचंच वाटलं होतं.

गेरबॉक्स आत जुळत आला होता. त्यात बारीक बारीक छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, असतात, ते दांड्याभोवती ओळीनं चिकटवावे लागतात, नाहीतर जोडताना टपाटप गळतात. ग्रीस पातळ, चिकटेना. थंडीचे दिवस, शिंक्यावर तुपाची बरणी, आणि तूप असं घट्ट, की चमचा उभा राहावा. वकीलसाहेबांनी बरणी उतरवली. मी बोटानं तूप लावायचं, छर्रा चिकटवायचा. सगळे झकास बसले. एक मात्र कमी पडायला लागला. आम्ही काटवट पाहिली, चूल पाहिली, कोटाचे खिसे पाहिले. सापडेना.

दुसऱ्या दिवशी वैनींचा भाऊ, सगळे त्याला दादा म्हणायचे, वालूरहून आला. पिशवीभर हुरडा घेऊन आला होता बिचारा, बहिणीसाठी. वैनींनी कौतुकानं वरणभात वाढला आणि त्यावर तुपाचा भला मोठा गोळा. दादांनी पहिला घास घेतला आणि कट्ट असा आवाज झाला. त्यांनी हातावर काढून पाहिलं, तर एक दाढेचा तुकडा आणि एक चकचकीत छर्रा.

आता कुणीही काय म्हणेल? दादा, लागलं का, पाणी घ्या, असं काहीतरी. वकीलसाहेबांनी ताटावरून वाकून छर्रा उचलला, कोटाला पुसला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. "मिळाला," ते म्हणाले. "कालपासून फरार होता." आणि अर्ध्या ताटावरून उठून गेरबॉक्सकडं गेले. मागं मेहुणा गाल धरून बसलेला.

वैनींनी पळी खाली ठेवली. त्या ओरडल्या नाहीत, तेच भयंकर होतं. "माज्या भावाची दाढ गेली," त्या म्हणाल्या, "आन् तुमचा गवाह मिळाला. बरं झालं. मी जाते ह्याच्याबरूबर वालूरला. न्यायला यायचं तर ह्या मोटारीत या. यष्टीनं मी येणार न्हाई. आन् मोटारीत बसले तर त्यो गेर मी धरणार न्हाई. हाय कबूल?"

"मंजूर," वकीलसाहेब आतून म्हणाले. त्यांना वाटलं असेल, चिडलीय, संध्याकाळी उतरेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पारोसेच गेरबॉक्स मोटारीखाली चढवत होते, तेवढ्यात वैनी पिशवी घेऊन गेल्यासुद्धा.

मग त्या माणसाची जी दशा झाली ती बघवत नव्हती आणि हसूही आवरत नव्हतं. खिचडी करायचे, तिला रॉकेलचा वास. स्वतःच खायचे आणि स्वतःच तिच्यावर ताशेरे मारायचे. बाररूममध्ये लोक विचारायला लागले, वैनी कुठं गेल्या? गावात तर बोललंच जायलं होतं, की वकिलाची बायको भावाबरोबर निघून गेली. संक्रांत तोंडावर आलेली. सवाष्णीनं सुगडं आपल्या उंबऱ्यावर पुजायची, आणि यांच्या उंबऱ्यावर ग्रीसचा डबा. एकदा मोटारीखालून बराच वेळ आवाज आला नाही म्हणून मी वाकून पाहिलं, तर ते नुसते पडून होते. "बाई," म्हणाले, "घर लय मोकळं वाटायलंय हो. छर्रा कुठं ठेवला म्हणून कुणी वरडत न्हाई." मला गलबलून आलं. मी म्हटलं, "वकीलसाहेब, उठा. काय राहिलंय सांगा, संक्रांतीच्या आत करून टाकू."

राहिला होता तो मागचा गोळा. मागच्या दोन चाकांच्या मधे एक मोठ्या दातेरी चाकाचा गोळा असतो, इंजिनाची ताकद तो चाकांना देतो. गेरबॉक्स खोललाच आहे तर तोही धुऊन घेऊ म्हणून त्यांनी आधीच काढला होता, आणि वैनी जायच्या आधीपासून तो बाजेवर पांढऱ्या धोतराखाली झाकून होता. आम्ही धोतर काढलं. कडुनिंबाकडचं कडुनिंबाकडं, विहिरीकडचं विहिरीकडं, तंतोतंत बघून गोळा बसवला. एवढ्या गुण्यागोविंदानं बसला, की वकीलसाहेब म्हणाले, "बघा, इमानदार गवाह."

संक्रांत दुसऱ्या दिवशी. सकाळी त्यांनी आंघोळ केली, चांगला कोट घातला, मोटार चालू केली. पहिला गेर टाकला, कलच सोडला. मोटार मागं गेली आणि गोवऱ्यांच्या ढिगात घुसली. त्यांनी दुसरा टाकला. मोटार आणखी जोरात मागं. तिसरा टाका म्हणायची माझी छाती होईना. मग त्यांनी रिव्हर्स टाकला, तशी मोटार गरीब गाईसारखी हळूहळू पुढं चालायला लागली.

त्यांनी मोटार थांबवली. मग म्हणाले, "बाई, एक बघितलं का? दुसरा गेर निसटला न्हाई."

मी म्हटलं, "पण गाडी उलटी चाललीय."

"ते आहेच. पण निसटला न्हाई."

मागचा गोळाच उलटा बसला होता. आता तो पुन्हा खोलायचा म्हणजे सगळी संक्रांत मोटारीखाली. मी म्हटलं, यष्टीनं जा, पाया पडा, घेऊन या. ते एकदम ताठ झाले. "यष्टीनं ती येणार न्हाई. अट काय होती? मोटारीत या, आणि गेर मी धरणार न्हाई. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या. दिशेबद्दल अटीत एक अक्षर न्हाई." आणि मला म्हणाले, "मागं बसा. मागच्या काचेतून बघून मला रस्ता सांगा."

अशी आमची वरात वालूरच्या रस्त्याला उलटी लागली. गावाबाहेरपर्यंत त्यांनी रिव्हर्स टाकून सरळ जाऊन पाहिलं, पण इंजिन किंचाळायला लागलं आणि पाणी उकळलं. मग वळवली आणि धूम मागं. मी मागच्या सीटवर गुडघे टेकून, काचेला नाक लावून ओरडतेय, "बैलगाडी! ज्वारीकडं घ्या, ज्वारीकडं! आता बाभळीकडं!" डावं-उजवं त्यांना चालत नव्हतंच. ते मान पार मागं वळवून एका हातानं चालवायलेत. थोड्या वेळात मागून वालूरची यष्टी आली. मागून म्हणजे आमच्या नाकासमोरून. तिचा ड्रायव्हर आणि आमचे वकीलसाहेब, दोघं समोरासमोर. वकीलसाहेबांनी मान सोडवून त्याला रामराम केला. त्यानं केला. पुढं जायची त्याची हिंमत होईना आणि मागं राहायची इच्छा होईना. सगळी यष्टी खिडक्यांतून बाहेर लोंबकळत आमच्यासमोर वालूरपर्यंत आली. मी आयुष्यात इतकी कधी हसले नाही. पोटात कळा यायलेल्या आणि तरी ओरडतेय, "म्हैस, म्हैस!"

दादांच्या दारात मोटार शेपटीकडून पोचली. यष्टीतली अर्धी माणसं मागोमाग. दादांचा गाल अजून सुजलेला. वैनी ओट्यावर आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मोटार अशी का यायली?"

वकीलसाहेब उतरले. मान एका बाजूला अडकलेली, ती काही सरळ होईना. तसेच वाकड्या मानेनं म्हणाले, "दुसरा गेर धरावा लागत न्हाई."

"मी काय विचारायले?"

"उलटी चालते," ते म्हणाले. मग कोर्टातला आवाज एकदम गेला. "मेहुणे, दाढेचं मी इचारलंच न्हाई तवा. माझं चुकलं. आन् तू चल आता. घर लय मोकळं झालंय."

दादा गालावरचा हात न काढता हसायला लागले. वैनी हसल्या नाहीत. आत गेल्या, खोबऱ्याचं तेल कोमट करून आणलं आणि सगळ्या गावासमोर नवऱ्याची मान चोळत बसल्या. "उंट कुठला," एवढंच म्हणाल्या.

निघताना पारापाशी पोरांनी मोटार ढकलून फिरवून दिली. नाक घराकडं, शेपूट रस्त्याकडं. वैनी पुढं बसल्या, हात मांडीवर मोकळे. वकीलसाहेबांनी दुसरा गेर टाकला. मी मागं काचेला डोळे लावले होते, त्यामुळं मला समोरचं दिसत नव्हतं. पण पुढं सगळं शांत झालं, म्हणून मी वळून पाहिलं. समोरच्या काचेत वैनींचं सगळं माहेर उभं होतं. दादा, भावजय, म्हातारी आई भिंत धरून, ओटा, गोठ्यातली गाय. सगळे हात हलवतायत आणि हळूहळू लहान होतायत. वैनी हात वर धरून बघत होत्या. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडावर हसू.

वेशीपाशी आई दिसेनाशी झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "लगीन झालं तवा घोंगटात निघाले, काय दिसलं न्हाई. यष्टीत बसलं की मान भाईर काढू देत न्हाईत. इतकी वर्सं झाली, माहेराकडं पाठ करूनच आले. आज पहिल्यांदा डोळे भरून बघितलं बाई."

वकीलसाहेबांनी गाडी आणखी हळू केली. मानेमुळं असेल किंवा नसेल. वेस ओलांडल्यावर पुटपुटले, "पण उलटा बसला कसा? बाजेवरून तर उचलला."

"कोणच्या बाजेवरून?" वैनींनी विचारलं. "ती कडुनिंबाखालची? ती तर मी जाताना फिरवून ठिवली होती."

मोटार थांबली.

"वळकटी उत्तरंला ठिवलेली, वर पांढरं धोतर. मड्याची बाज असती तशी. तुमी समदा दिवस तिच्याशेजारी बसायचे. राग होता तरी म्हटलं, ह्यांच्या जिवाला काय व्हायला नको. दादाला धरायला लावून फिरवली, उसं दक्षिणंला केलं."

झाड बदललं नव्हतं, विहीर हलली नव्हती. बाज फिरली होती, आणि तिच्यावरचं कडुनिंबाकडचं विहिरीकडं गेलं होतं. वकीलसाहेबांनी वैनींकडं पाहिलं, म्हणजे वाकड्या मानेनं पाहता येईल तेवढं पाहिलं, आणि असे हसले, असे हसले, की स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि हॉर्न वाजतच राहिला. "घर फिरलं की वासे फिरतात," ते म्हणाले, "इथं तर गेर फिरले."

संक्रांतीनंतर त्यांनी गोळा पुन्हा उतरवला आणि सुलटा बसवला. मोटार शहाण्यासारखी चालायला लागली, दुसऱ्या गेरासह. मला त्याचं थोडं वाईटच वाटलं.

माझी बदली झाली तेव्हा निरोपाचा म्हणून वैनी मला वालूरला हुरड्याला घेऊन गेल्या. आम्ही गेलो ते सरळ, तोंड पुढं करून, चारचौघांसारखे. निघायची वेळ झाली. पारापाशी वकीलसाहेबांनी मोटार फिरवली आणि नाक घराकडं करून उभी केली. मला वाटलं, काहीतरी राहिलं असेल घरात. वैनी पुढं बसल्या. वकीलसाहेबांनी रिव्हर्स टाकला, हात सीटवर ठेवला, मान पार मागं वळवली आणि मोटार हळूहळू मागं काढायला लागले. गावात कुणी हसलं नाही. एकानं तर सवयीनं आपली बैलगाडी बाजूला घेतली. दारात दादा, भावजय आणि भिंत धरून आई, वैनींचा हात वर, आणि वकीलसाहेबांची मान दुखत असणार, पण त्यांनी वेस येईपर्यंत घाई केली नाही.

वेशीपाशी थांबून ते म्हणाले, "झालं?"

वैनींनी पदरानं डोळे पुसले. "झालं," त्या म्हणाल्या. "आता चला सरळ."